इतिहासाचा प्राध्यापक आणि त्याचा जिल्हा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांनी जमवलेली कागदपत्रे विखरू नयेत म्हणून १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन केले. त्या मंडळाची शताब्दी आता तोंडावर आहे. शताब्दीला भाषणे होतील, पुतळ्यांना हार पडतील आणि त्यात गैर काही नाही. पण खानदेशाने या निमित्ताने स्वतःला विचारावा असा खरा प्रश्न महाविद्यालयातल्या वर्गाशी संबंधित आहे. खानदेशातल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत इतिहासाचे प्राध्यापक शिकवतात, संशोधन करतात आणि त्यांतल्या अनेकांना इतिहासाची मनापासून ओढही असते. तरीही ही तीन कामे एकमेकांना भेटत नाहीत. ती एकत्र आणण्याची जागा म्हणजे प्राध्यापकाचा स्वतःचा जिल्हा, असे माझे म्हणणे आहे. खानदेशचा इतिहास हा अभ्यासक्रमाच्या शेवटी जोडलेला एखादा ऐच्छिक घटक राहता कामा नये. पदवीच्या विद्यार्थ्याला इतिहास कसा लिहिला जातो हे शिकवण्याचे ते मुख्य साधन झाले पाहिजे.

आजची स्थिती कशी घडली ते आधी पाहू. वर्गात शिकवायचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते. प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक भारत, आधुनिक जग असा मोठा पट सहा सत्रांत उरकायचा असतो. त्यामुळे प्राध्यापक निष्कर्ष सांगतो, विद्यार्थी ते उतरवून घेतो आणि परीक्षेत परत लिहितो. संशोधनाची गरज दुसऱ्याच कारणाने निर्माण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने गुणांकांची पद्धत आणली, २०१८ च्या नियमावलीने तिचे स्वरूप बदलले, पण बढतीसाठी शोधनिबंधांची मोजदाद कायम राहिली. जो विषय लवकर लिहून होतो आणि लवकर छापून येतो, तो निवडण्याकडे कल झुकणे स्वाभाविक आहे. आणि आवड? कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी लळिंग-थाळनेरचे किल्ले पायी धुंडाळतो, कोणी अहिराणी ओव्या उतरवून घेतो, कोणी गावोगावचे शिलालेख टिपून ठेवतो. हे सगळे त्याच्या रविवारचे काम समजले जाते. परिणाम असा की, प्राध्यापक जे शिकवतो त्यावर तो संशोधन करत नाही, ज्यावर संशोधन करतो ते त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि ज्यावर त्याचे प्रेम आहे त्याची दखल कुठल्याच रकान्यात घेतली जात नाही. दोष व्यक्तींचा नाही. व्यवस्थेनेच ही फारकत घडवली आहे.

राजवाडे महाविद्यालयीन प्राध्यापक नव्हते आणि कुठल्याही संस्थेत फार काळ रमणारा त्यांचा स्वभावही नव्हता. पण ही फारकत त्यांच्या कामात सापडत नाही. वाईला मिळालेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता. भाषा, व्याकरण, ग्रामनामे, विवाहसंस्था या त्यांच्या आवडीच्या विषयांना त्यांनी इतिहासापासून तोडले नाही. गावातल्या वाड्यात बांधून ठेवलेले दप्तर, तिथल्या बोलीतला एखादा प्रत्यय आणि राज्यांची घडामोड हे सगळे त्यांच्या दृष्टीने एकाच शोधाचे भाग होते. धुळ्यात ही वृत्ती रुजायला जमीनही तयार होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते शोधण्यात आयुष्य वेचले आणि ती समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. राजवाडे मंडळाच्या उभारणीत भास्कर वामन भट यांच्यासारखे अभ्यासक होते. मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले. म्हणजे साधने गोळा करणे, ती वाचणे आणि प्रसिद्ध करणे ही परंपरा या भागात उसनी आणावी लागणार नाही. ती इथलीच आहे. पदवीच्या वर्गाशी तिचे नाते मात्र नीट जुळले नाही.

स्थानिक साधनातून मोठा इतिहास शिकवता येतो का, हा यातला कळीचा प्रश्न आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख पाहा. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी प्रारंभीचा हा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि तिथल्या निकुंभ सामंतांनी त्याला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरच्या वसुलीतून मठाला वाटा मिळावा, अशी ती व्यवस्था. एवढ्या एका दगडावरून वर्गात किती प्रश्न उभे राहतात! गणिताचे शिक्षण तेव्हा कोणाच्या पैशावर चालत होते? पंडिताची वंशावळ संस्कृतात आणि बाजाराची अट मराठीत का कोरली? देवगिरीचे यादव, त्यांचे सामंत आणि एका गावची बाजारपेठ यांचा संबंध काय होता? यादवकाळावरचा पाठ वाचून विद्यार्थ्याला राजांची नावे कळतात. हा लेख ओळीओळीने वाचला, तर राज्य म्हणजे काय आणि ते कसे चालत होते हे समजू लागते.

दुसरा दाखला शेतकऱ्यांचा. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेला उठाव ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. त्याच्या तेवीस वर्षे आधी, १८५२ मध्ये, सावदा, रावेर, चोपडा या तापीकाठच्या सुपीक पट्ट्यात इंग्रज सरकारच्या जमीन मोजणीविरुद्ध शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले होते. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडले आणि मगच मोजणी पुढे सरकली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या प्रकरणाची नोंद आहे, परंतु फैजपूर किंवा रावेरच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला ते सहसा ठाऊक नसते. ही दोन आंदोलने शेजारी ठेवली की अभ्यासाला धार येते. एकात राग सावकारावर, दुसऱ्यात थेट सरकारच्या मोजणीच्या साखळीवर. एक दुष्काळी मुलखात, दुसरे काळ्या कसदार जमिनीत. हा फरक कशामुळे, याचे उत्तर तयार नाही आणि म्हणूनच ते शिकवण्यासारखे आहे. १८५२ च्या मोजणीविरोधानंतर सुमारे दहा वर्षांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव चढले. त्याच दशकात जळगाव-भुसावळवरून रेल्वे गेली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली आणि त्याच अमळनेरात गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. अमेरिकेतली लढाई, मँचेस्टरची मागणी, तापीकाठचे शेत आणि तत्त्वज्ञानाची संस्था यांना जोडणारा हा धागा जागतिक इतिहासाचाच पाठ आहे. तो विद्यार्थ्याच्या गावावरून जातो, एवढेच त्याचे वेगळेपण.

तिसरा दाखला सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथे खानदेशातल्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा अधिक काही करता येते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुडा आणि सह्याद्रीतल्या भिल्लांशी सुरू झालेल्या संघर्षातून १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. सेंधवा घाटाच्या रखवालीवर नेमलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारविरुद्ध उठला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. याविषयीचे बहुतेक लेखी पुरावे सरकारी लेखणीतून उतरले आहेत. त्यांत भिल्ल दिसतो तो ‘गुन्हेगार’ म्हणून किंवा ‘सुधारलेला शिपाई’ म्हणून. दुसरी बाजू गाण्यांत, कथांत, देवस्थानांच्या आख्यायिकांत आणि कुळांच्या आठवणींत आहे. ती पावरी, भिली, मावची, अहिराणी या बोलींत आहे. शिरपूर, चोपडा, यावल, शहादा, अक्कलकुवा इथल्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलामुलींना या बोली घरातून येतात. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी अभ्यासकाने ही भाषा शिकायची म्हटले तर वर्षे जातात. आज या मुलांना त्यांची बोली महाविद्यालयात अडचण वाटते. प्राध्यापकाने मौखिक साधने कशी नोंदवावीत, ती सरकारी कागदाशी कशी ताडून पाहावीत आणि दोन्हींवर कुठे विश्वास ठेवू नये हे शिकवले, तर तीच बोली त्यांची संशोधनाची पात्रता ठरेल.

असे विषय हवे तेवढे आहेत. पांझरेच्या काठची फड पद्धत घ्या. बंधाऱ्याचे पाणी, फडाफडाने ठरलेले एकेक पीक, पाटकरी-जागल्या-हवालदार यांची नेमणूक आणि शेतकऱ्यांनी आपसांत ठरवलेले नियम यांचा अभ्यास इतिहास, अर्थशास्त्र आणि पाणी व्यवस्थापन या तिन्ही अंगांनी करता येतो. डिसेंबर १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. ते भरवण्यासाठी एखाद्या परिसराने काय उभे केले, याचा कागद घरोघरी असू शकतो. १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांनी दिलेले बलिदान, १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ भूमिगतांनी लुटलेला सरकारी खजिना, या घटना गावांना ठाऊक आहेत. पण त्या काळातल्या साक्षी देणारी पिढी जवळजवळ संपली आहे आणि तिच्या मुलांची पिढीही वृद्ध झाली आहे. या कामाला वेळेचे बंधन आहे, ते असे.

काम कोणी करतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खानदेशातल्या काही प्राध्यापकांनी स्थानिक इतिहासावर निष्ठेने लिहिले आहे. बाहेरच्या अभ्यासकांनीही हा प्रदेश निवडला. अरविंद देशपांडे यांनी पहिल्या कलेक्टरच्या, जॉन ब्रिग्जच्या कारभारावर पुस्तक लिहिले. स्ट्युअर्ट गॉर्डन आणि जॉन रिचर्ड्स यांनी अठराव्या शतकातल्या खानदेशातले परगणे आणि नातेसंबंध तपासले. सुमित गुहा यांनी पश्चिम भारतातली जंगले आणि तिथल्या समाजांचा दीर्घ इतिहास मांडला. जगातल्या विद्यापीठांना खानदेशात मोठे प्रश्न दिसले. ते इथल्या पदवीच्या वर्गात मात्र क्वचितच पोहोचले. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या तेव्हाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने १९४८ मध्ये स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी शेताचे बांध, रस्ते आणि पडकी गावे हीच साधने मानून १९५५ मध्ये भूदृश्याच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. त्यानंतर परगण्याचा अभ्यास दुय्यम आहे असे तिथे कोणी सहज म्हणू शकले नाही. एका प्रांतिक शहराने आपल्या भोवतालकडे शिस्तीने पाहिले म्हणून हे घडले. जळगावात १९९० पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, आज त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र नेमके हेच तीन जिल्हे आहेत. अशी नेटकी चौकट फार थोड्या विद्यापीठांना मिळते.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. पहिला असा की, स्थानिक इतिहास लवकरच जातीच्या आणि घराण्याच्या अभिमानाचा इतिहास होतो. ही भीती खरी आहे. खुद्द राजवाड्यांच्या लेखनात जातिविषयक आग्रह होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या विधानांना केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून जोरदार उत्तर दिले होते. संग्राहक म्हणून राजवाडे थोर होते. म्हणून त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य करावे लागत नाहीत. हा भेद विद्यार्थ्याला शिकवणे हेच प्राध्यापकाचे काम आहे. शिवाय अभिमानाचा इतिहास प्राध्यापकाने विषय टाळल्याने थांबत नाही. तो सभांमध्ये, स्मरणिकांमध्ये आणि मोबाइलवर चालूच राहतो, फक्त त्याला प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. खाज्या नाईक आधी सरकारी नोकरीत होता, हे सांगितल्याने त्याचे शौर्य कमी होत नाही. १८५२ च्या मोजणीविरोधात पाटील-देशमुखांचे हित किती आणि साध्या कुळाचे किती, हे विचारल्याने त्या आंदोलनाचा अपमान होत नाही. असे प्रश्न आपल्या गावाबाबत विचारायची सवय ज्याला लागली, तो दूरच्या इतिहासाबाबतही सहजासहजी फसत नाही.

दुसरा आक्षेप विद्यार्थी आणि पालकांचा आहे. मुलांना एमपीएससी, नेट-सेट द्यायची असते. गावचा शिलालेख वाचून नोकरी मिळते का? प्रामाणिक उत्तर असे की, इतिहासाच्या पदवीने थेट मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्याच आहेत आणि कोणत्याही अभ्यासक्रमाने त्याचे खोटे आश्वासन देऊ नये. पण निष्कर्ष पाठ करणाऱ्यापेक्षा पुरावा तपासणारा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेत मागे पडतो, याला काही आधार नाही. दोन विरोधी साक्षी ताडून पाहणे, जुन्या नोंदीचा अर्थ लावणे, मोजके आणि स्पष्ट लिहिणे ही कौशल्ये वकिलाला, पत्रकाराला, महसूल खात्यातल्या कर्मचाऱ्यालाही लागतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शासकीय दप्तरांतले मोडी कागद वाचू शकणाऱ्यांची टंचाई साऱ्या महाराष्ट्राला जाणवली. ज्या नोंदींवर लाखो लोकांचे दावे अवलंबून आहेत, त्यांची लिपी वाचणारे मूठभर असावेत, ही इतिहास विभागांच्या दृष्टीने विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन असते. त्यात परीक्षा, मूल्यांकनाचे अहवाल, प्रवेशाची कामे येतात. अनेक पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर महिन्याच्या शेवटी किती हाती पडेल याचीच चिंता असते. अशा माणसाकडून गावोगाव फिरण्याची अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे होईल. म्हणूनच हे काम व्यक्तीच्या त्यागावर सोडता येणार नाही. रिक्त पदे भरणे ही पहिली अट आहे आणि ती शासनाचीच जबाबदारी आहे. पण त्याचबरोबर हेही खरे की, संशोधन वर्गात आणले तर ते अध्यापनाच्या तासांतच मोजले जाते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक आलेले आहेत. सध्या अनेक ठिकाणी ते चार पानांचा मजकूर उतरवून पूर्ण होतात. तेच श्रेयांक एक दस्तऐवज लिप्यंतरित करण्यासाठी, एका शाळेचे जुने रजिस्टर तपासण्यासाठी किंवा एका वृद्ध व्यक्तीची मुलाखत तिच्या बोलीत नोंदवण्यासाठी वापरता येतील. त्यासाठी नवा निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या कराव्यात. विद्यापीठाच्या इतिहास अभ्यास मंडळाने स्थानिक साधनावरचे काम प्रत्येक पदवी विद्यार्थ्यासाठी सक्तीचे करावे आणि त्याची एक प्रत विद्यापीठात, एक राजवाडे मंडळात जमा होईल असा नियम करावा. मोडी शिकवण्याची सोय तिन्ही जिल्ह्यांत किमान एकेका महाविद्यालयात असावी आणि फारुकी व मुघल काळासाठी फारसी शिकू इच्छिणाऱ्याला आधार मिळावा. बढतीच्या निकषांत साधनांचे संपादन, सूची आणि मौखिक मुलाखतींचा संग्रह यांना शोधनिबंधाइतके मोल मिळावे, यासाठी प्राध्यापक संघटनांनी वेतनाच्या प्रश्नाइतक्याच निष्ठेने आग्रह धरावा. आणि शताब्दीच्या निमित्ताने खानदेशातल्या साधनांची एक समग्र सूची तयार व्हावी. कोणत्या गावात कोणते दप्तर, कोणता लेख, कोणती वही आणि कोणाची आठवण आहे, हे एका ठिकाणी कळावे. एवढी सूची तयार झाली, तर किल्ले हिंडणाऱ्या, नाणी जमवणाऱ्या, ओव्या टिपणाऱ्या प्राध्यापकाची आवड आपोआप अध्यापनाच्या आणि संशोधनाच्या कामी येईल. आपल्या जिल्ह्याचा पुरावा हाताळलेला विद्यार्थी देशाचा आणि जगाचा इतिहास अधिक सावधपणे वाचतो. असा विद्यार्थी दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयातून बाहेर पडावा, ही अपेक्षा खानदेशाने आपल्या इतिहास विभागांकडून उघडपणे करावी आणि ती पुरी करण्यासाठी लागणारी माणसे व वेळ त्यांना मिळवून द्यावा.